पत्र, रेडिओ, टीव्ही, मोबाईल : दाराशी आलेल्या शाळेची गोष्ट

आपल्या शाळेतला तो टीव्ही आठवतो का? लाकडी शटरचा, चार पायांवर उभा, प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत कुलपात ठेवलेला. किल्ली मुख्याध्यापक सरांच्या खिशात. आठवड्यातून एखाद्या दिवशी सगळ्या तुकड्या त्या खोलीत सतरंजीवर दाटीवाटीने बसत. शिपाईमामा गच्चीवर जाऊन अँटेना फिरवत, खालून कोणीतरी 'आलं, आलं!' म्हणून ओरडे आणि पडद्यावरच्या मुंग्यांमधून 'बालचित्रवाणी'चा कार्यक्रम उमटे. वीज टिकली तर धडा पुरा होई. गेली तर विज्ञानाच्या बाई त्या काळ्या पडद्यापुढे उभ्या राहत आणि उरलेला धडा तोंडी पुरा करत. मला स्वतःला पडद्यावरचे फारसे आठवत नाही, बाईंनी अंधारात सांगितलेले मात्र अजून आठवते.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला 'ऑनलाइन शिक्षणाची वाढ आणि फायदे' हा विषय दिला, कारण गेली अनेक वर्षे मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि २०२० सालापासून मोबाईलवरही शिकवू लागले. त्यातच आपल्या १९८८ च्या दहावीच्या बॅचने शाळेला वीस टॅब भेट द्यावेत, असा प्रस्ताव आपल्या गटावर आला आहे. त्यावर मत देण्याआधी या विषयाचा मागचा इतिहास थोडा पाहावा असे वाटले, म्हणून हा लेख.

ऑनलाइन शिक्षण करोनामुळे आले असे आपण सहज म्हणतो. पण वर्गात येऊ न शकणाऱ्यापर्यंत शिक्षण पोहोचवण्याची धडपड पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. १८४० साली इंग्लंडमध्ये एक पेनीत कुठेही पत्र पाठवण्याची सोय झाली आणि आयझॅक पिटमन यांनी टपालाने लघुलिपीचे धडे पाठवायला सुरुवात केली. विद्यार्थी सराव करून तो परत पाठवत आणि पिटमन तो तपासून देत. १८५८ पासून लंडन विद्यापीठाने बाहेर राहून अभ्यास करणाऱ्यांना परीक्षेला बसू दिले. आपल्याकडे १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले आणि १९७१ मध्ये मुंबई विद्यापीठानेही तसा विभाग काढला. गिरणीत, पोस्टात, बँकेत नोकरी करून रात्री अभ्यास करणारे कितीतरी जण त्या वाटेने पदवीधर झाले. दहावी-बारावीसाठी तर '१७ नंबरचा फॉर्म' हा शब्द आपल्या प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी उच्चारला गेला असेल. शाळा सुटलेल्याला बाहेरून परीक्षेला बसवणारा तो कागद. त्याला कोणी मान दिला नाही, पण त्याने अनेकांना वर काढले.

पत्रानंतर आला रेडिओ, आणि इथे आपल्या महाराष्ट्राचा एक प्रयोग सांगितलाच पाहिजे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकऱ्यांसाठी 'रेडिओ फार्म फोरम' हा उपक्रम चालवला. मराठी मुलखातील सुमारे १५० गावे त्यासाठी निवडली होती. प्रत्येक गावात शेतकऱ्यांचा एक गट असे. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. शेती, जनावरे, आरोग्य, गावचा कारभार असे त्यातले विषय असत. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून गट चर्चा करी. गावातलाच एक जण निमंत्रक म्हणून ती चर्चा टिपून घेई आणि शंका केंद्राकडे लिहून पाठवी. पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे मिळत.

या प्रयोगाची तपासणी टाटा समाजविज्ञान संस्थेने केली आणि पॉल न्यूराथ यांनी ती मांडली. त्यांनी तीन प्रकारच्या गावांची तुलना केली : जिथे रेडिओ आणि गट दोन्ही होते, जिथे नुसता रेडिओ होता आणि जिथे यांपैकी काहीच नव्हते. गट असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात स्पष्ट वाढ दिसली, आणि त्यात निरक्षर शेतकरीही होते. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र फारशी वाढ झाली नव्हती. आवाज तोच, कार्यक्रम तोच, फरक फक्त भोवती बसलेल्या माणसांचा. हा निष्कर्ष मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आपल्या टीव्हीपुढे उभ्या राहिलेल्या बाई आठवल्या. पुढच्या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते.

मग टीव्ही आला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष भारताने अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वापरून 'साइट' नावाचा मोठा प्रयोग केला. आंध्र प्रदेश, कर्नाटक, ओडिशा, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून कार्यक्रम दिसू लागले. सकाळी मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीपासून तयार केलेल्या छत्र्या गावोगाव उभ्या राहिल्या. महाराष्ट्रातली गावे त्या यादीत नव्हती, पण प्रयोगाची धुरा वाहणाऱ्यांत कोल्हापूरचे डॉ. एकनाथ चिटणीस होते. त्या वेळी अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे प्रमुख होते प्रा. यशपाल, जे पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. या प्रयोगातून हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षणही मिळाले.

त्यानंतरची पायरी आपल्या पिढीने पाहिली. १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे महाविद्यालयीन कार्यक्रम दूरदर्शनवर येऊ लागले. सतरंजीवर बसून आपण जे पाहत होतो ते एका देशव्यापी प्रयत्नाचे आपल्या गावापर्यंत पोहोचलेले टोक होते, हे तेव्हा आपल्याला कुठे ठाऊक होते! बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली. तोवर आपली मुले संगणकावर बसू लागली होती.

आता एका संस्थेविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तिचा संबंध थेट आपल्या बॅचशी आहे. ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी शिकू लागले. आपल्याकडे १९८२ साली आंध्र प्रदेशात देशातले पहिले मुक्त विद्यापीठ निघाले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले आणि जुलै १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले हे आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे दिल्लीच्या मुक्त विद्यापीठाचेही झाले. गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धन गावाजवळ हे विद्यापीठ उभे राहिले, पण त्याचे खरे वर्ग राज्यभर पसरलेल्या अभ्यासकेंद्रांत भरत. मराठीतून स्वयं-अध्ययनाची पुस्तके घरी मिळत आणि ठरलेल्या दिवशी केंद्रावर 'संमंत्रक' म्हणजे मार्गदर्शक शिक्षक भेटत. बारावी न झालेल्यांसाठीही पूर्वतयारीचा शिक्षणक्रम होता, तो पुरा केला की पदवीची वाट मोकळी.

आपल्या वर्गातली दुसऱ्या बाकावरची एक मैत्रीण तुम्हाला नक्की आठवेल. तिच्या परवानगीने लिहिते, पण नाव घालत नाही. दहावीला तिला आपल्यापैकी बहुतेकांपेक्षा जास्त गुण होते. पुढच्याच वर्षी तिचे लग्न झाले. तालुक्यापासून पंधरा किलोमीटरवर सासर, दोन मुले, शेती. बत्तीसाव्या वर्षी ती अंगणवाडी सेविका असताना तिने मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरला. पूर्वतयारी, मग बी.ए. दर रविवारी सकाळचा स्वयंपाक उरकून ती एसटीने तालुक्याच्या अभ्यासकेंद्रावर जाई. पुढे ती अंगणवाडीची मुख्यसेविका झाली.

मी तिला विचारले, पुस्तके तर घरीच मिळत होती, मग रविवारी एवढी धावपळ का करायचीस? ती म्हणाली, "अगं, पुस्तक घरी होतं, पण घरात कुणी विचारत नव्हतं की कुठवर आलीस म्हणून. तिथले सर विचारायचे, 'ताई, मागच्या रविवारी का नाही आलात?' तेवढ्यासाठी जायची मी."

इंटरनेटची गोष्ट तुम्हाला जवळची आहे, म्हणून थोडक्यात सांगते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले. २००१ साली अमेरिकेतील एमआयटीने आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य सर्वांसाठी मोफत खुले करण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी आपल्याकडे महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीच्या निमित्ताने गावोगावच्या तरुणांचा हात पहिल्यांदा माउसवर पडला. २००३ पासून सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून अभियांत्रिकीची व्याख्याने 'एनपीटीईएल' या नावाने उपलब्ध करून द्यायला सुरुवात केली. ज्या मुलाला आयआयटीत प्रवेश मिळाला नाही, तोही आता तिथल्या प्राध्यापकांचे व्याख्यान ऐकू शकतो. सलमान खान या अमेरिकेतील तरुणाने लांब राहणाऱ्या मामेबहिणीला गणित शिकवता शिकवता व्हिडिओ करायला घेतले आणि त्यातून 'खान अकॅडमी' उभी राहिली. ९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारचे 'स्वयम्' आले. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'ने तर संगणकाचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिले. आपली ती मैत्रीण पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना याच मराठी धड्यांवरून संगणकावर तक्ते करायला शिकली. एकेक धडा ती चार-चार वेळा पाही. "वर्गात चौथ्यांदा विचारायची लाज वाटली असती," असे तिने मला सांगितले.

ऑनलाइन शिक्षणाचा पहिला मोठा फायदा मला तिच्या या वाक्यात दिसतो. धडा थांबवता येतो, मागे नेता येतो, रात्री भांडी आवरल्यावर पाहता येतो. आपला वेग आपण ठरवतो आणि आपले न समजणे चारचौघांत उघडे पडत नाही. दुसरा फायदा असा की चांगला शिक्षक आता एका गावाच्या मालकीचा राहिला नाही. तिसरा वयाचा : बत्तीस, पन्नास, सत्तर, कोणत्याही वयात नाव घालता येते. नोकरी, लग्न, आजारपण, अपंगत्व, लांबचे गाव यांपैकी कोणत्या ना कोणत्या कारणाने ज्यांची शाळा सुटली, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

पण याच काळातला एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. २०११ साली स्टॅनफर्डच्या सेबास्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम इंटरनेटवर मोफत ठेवला. जगभरातून सुमारे १,६०,००० जणांनी नावे नोंदवली. शेवटपर्यंत पोहोचले सुमारे २३,०००. एका वर्गात एवढे लोक कधीच बसले नसते, म्हणून २३,००० हे मोठेच यश आहे. तरी दर सात जणांपैकी सहा वाटेत का गळले, हा प्रश्न उरतोच. पुण्याच्या त्या १५० गावांनी याचे उत्तर अर्धशतक आधीच देऊन ठेवले होते.

मग आले २०२० साल. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, दहावीचा भूगोलाचा पेपर झालाच नाही. जूनमध्ये माझ्या दहावीच्या वर्गात पटावर ५२ मुले होती. व्हॉट्सअॅप गटात ३१ जणांचे नंबर मिळाले. पहिल्या ऑनलाइन तासाला १९ जण हजर होते. मला वाटले, माझेच काही चुकते आहे. पुढे कळले की चित्र सगळीकडे असेच होते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार देशातल्या ग्रामीण घरांपैकी सुमारे १५ टक्के घरांतच इंटरनेटची सोय होती आणि संगणक तर शंभरात चार-पाच घरांत. बऱ्याच घरांत एकच स्मार्टफोन, आणि तो वडिलांबरोबर बाहेर. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील टेम्पो चालवत. ते रात्री नऊला घरी येत, मग मुलगा दहा वाजता गृहपाठाचे फोटो पाठवी. त्याच्यासारखे आणखी सहा निघाले, तेव्हा मी त्यांचा तास रात्री दहालाच घ्यायला लागले.

त्या दिवसांत महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी मागचा सगळा इतिहास पुन्हा बाहेर काढला. जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली, म्हणजे टीव्ही परत आला. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवले गेले, म्हणजे रेडिओच परत आला म्हणायचा. कितीतरी गुरुजी छापील स्वाध्याय घेऊन दारोदार फिरले. ते पत्रद्वारा शिक्षणच होते, फक्त पोस्टमन गुरुजी स्वतः होते. डिसेंबर २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालण्याच्या त्यांच्या कामाचे कौतुक झाले. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली, हेही आपण विसरू नये.

माझ्या वर्गात सगळ्यात चांगले काय चालले, ते सांगते. एका वस्तीवर पाच मुले होती आणि फोन एक. तिथल्या बारावी झालेल्या एका मुलीने संध्याकाळी त्या पाचांना अंगणात अंतर ठेवून बसवायला सुरुवात केली. ती माझा व्हिडिओ लावी, मध्येच थांबवी, 'कळलं का?' विचारी, शंका वहीत लिहून मला फोटो पाठवी. पाचही मुले वर्षभर टिकली. ज्यांच्याकडे स्वतंत्र फोन होते पण विचारणारे कोणी नव्हते, त्यांच्यातली कितीतरी दिवाळीपर्यंत दिसेनाशी झाली. त्या बारावीच्या मुलीला १९५६ च्या प्रयोगाविषयी काहीही माहीत नव्हते. तरी ती त्या गावांतल्या निमंत्रकाचेच काम करत होती.

आणि एक गोष्ट जी मला अजून सलते. २०२१ च्या सुरुवातीला नववी-दहावीचे वर्ग पुन्हा भरले तेव्हा एक मुलगी आली नाही. नववीत ती वर्गात दुसरी आली होती. ऑनलाइन तासाला ती कधी दिसली नव्हती, आणि मी नुसते 'नेटवर्क नसेल' असे धरून चालले होते. तिच्या घरी गेले तेव्हा कळले की तिचे लग्न लावून दिले आहे. मी महिनाभर आधी त्या घराची पायरी चढले असते तर काय झाले असते, हे मला सांगता येत नाही. पण मी चढले नव्हते, हे खरे आहे. आपल्या दुसऱ्या बाकावरच्या मैत्रिणीनंतर तीस वर्षांनी तेच पुन्हा घडले, आणि तेही प्रत्येक खिशात शाळा मावू शकेल अशा काळात.

म्हणून आता आपल्या प्रस्तावाकडे वळते. वीस टॅब द्यायला माझा विरोध नाही. पण केवळ टॅब दिले तर दोन-तीन वर्षांत ते त्या जुन्या टीव्हीसारखे कुलपात जातील, अशी मला भीती वाटते. त्याऐवजी टॅब दहा घ्यावेत आणि उरलेल्या पैशांतून टीव्हीची ती खोली दुरुस्त करून संध्याकाळची अभ्यासिका करावी : चांगले दिवे, इन्व्हर्टर, इंटरनेट, मुलींना घरी सोडण्याची सोय आणि रोज दोन तास बसणारे एक माणूस. ती आत्ताच्या विद्यार्थ्यांसाठी असावीच, पण १७ नंबरचा फॉर्म भरणाऱ्यांसाठी आणि मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठीही खुली असावी. शिकवण्याचे साहित्य आता फुकट आणि भरपूर आहे. कमी आहे ते 'काल का नाही आलात?' असे विचारणारे कोणी.

बसायला कोण, असा प्रश्न मेळाव्यात येईलच. मंगळवार आणि शुक्रवार मी बसेन. शनिवार आपल्या त्या मैत्रिणीने मागून घेतला आहे. माझ्या वर्गातून गेलेली ती मुलगी आता माहेरी आली आहे, कडेवर दोन वर्षांचे लेकरू आहे. गेल्या आठवड्यात तिने मला फोन करून विचारले, "बाई, फॉर्म कधी निघतो?" फोन तिच्याकडे आहे, नेटवर्कही आहे. तिला बसायला जागा हवी आहे. बाकीचे चार वार कोण घेणार, ते मेळाव्याच्या दिवशी फळ्यावर लिहू या. खडू मी आणते.